सांगण्याजोगी भीती

निघायच्या दीड महिना आधी एक फॉर्म आला. शिडाच्या बोटीवर सात दिवस राहायचं, बोटीबरोबरच कप्तान मिळणार आणि स्वयंपाकापासून दोरखंडापर्यंत सगळं बघणारा एक खलाशीही मिळणार, आपण फक्त जाऊन बसायचं, असा बेत होता. फॉर्ममध्ये प्रत्येकाचं वय, चालू औषधं, काय खाल्लेलं सोसत नाही, पोहता येतं का, पायाचं माप (पोहताना घालायच्या पंखांसाठी) असं सगळं विचारलं होतं. तळाशी एक रिकामा चौकोन होता. काही काळजी वाटत असेल तर इथे लिहा.

नवऱ्याने लिहिलं, ‘वादळ’. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, ‘समुद्रात मदत किती वेळात पोचते?’ वहिनीने ‘शार्क’. मी जरा विचार करून ‘बोट उलटण्याची शक्यता’ असं लिहिलं. ‘शक्यता’ या शब्दामुळे ते अभ्यासपूर्ण दिसतंय असंही मला वाटलं. दादाच्या चौदा वर्षांच्या लेकीने चौकोन कोराच ठेवला. तिला काळजी नेटवर्कची होती, आणि ती लिहिली तर आपल्याला घरीच ठेवतील ही काळजी त्याहून मोठी होती. मावशी एकाहत्तर वर्षांची. चष्मा सापडेना म्हणून तिने नातीला सांगितलं, लिही : संडासाला आतून कडी आहे का, आणि रात्री अंधारात तो मला सापडेल का?

आम्ही हसलो. दादा म्हणाला, “आई, अगं कप्तान वाचणार आहे हे.”

“मग? कप्तान जात नसेल?”

आता मागे वळून त्या सहा चौकोनांकडे बघते तेव्हा वाटतं, त्यात खरं उत्तर तेवढं एकच होतं. बाकीच्यांनी आपल्याला शोभेलशी भीती लिहिली होती. वादळाला भिणं यात काही कमीपणा नाही. चारचौघांत ओकारी होईल, शेजारच्या खोलीत सगळं ऐकू जाईल, दिवसभर कुणीतरी आपली उष्टी उचलेल आणि आपण नुसते बघत बसू, हे कोण लिहिणार?

बोट पंधरा मीटरची, एकाच डोलकाठीची. पाहुण्यांना तीन खोल्या आणि अगदी पुढच्या टोकाला खलाशांची जागा. धक्क्यावरून ती मोठी वाटली, आत उतरल्यावर लहान, आणि दुसऱ्या दिवसापासून पुरेशी. कप्तान म्हणजे चाळिशीतली, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई निघाली. मावशीने पाच मिनिटांत तिचं ‘कप्तानबाई’ करून टाकलं. बाईंना मराठीचा गंध नव्हता, पण संध्याकाळपर्यंत त्या हाकेला ओ द्यायला लागल्या होत्या.

चढतानाच सगळ्यांचे बूट-चपला काढून एका टोपलीत गोळा केले. बुटातले खडे डेकवर चरे पाडतात म्हणून. दादाची चाकांची कडक बॅग बघून खलाशी काही बोलला नाही, पण त्याच्या भुवया बोलल्या. मऊ पिशव्या आणा असं आधी लिहून कळवलं होतं. कारण साधं आहे. पिशवी रिकामी झाली की घडी घालून गादीखाली जाते, कडक बॅगेला बोटीत जागाच नसते. दादा-वहिनीने सात रात्री ती बॅग मध्ये घेऊन काढल्या.

बंदराच्या बाहेर आलो, शीड वर चढलं, इंजिन बंद झालं. त्या शांततेचं कौतुक करायला मी तोंड उघडलं आणि बोट कलली. वीस अंश असेल. वीस अंश हा आकडा कागदावर फार किरकोळ दिसतो. जेवणाचं टेबल तेवढं कलवून बघा. माझी ‘शक्यता’ माझ्यासमोर आडवी पसरली होती, एका बाजूचं पाणी डेकच्या काठाशी आलं होतं, आणि मी दोन्ही हातांनी विंचला, म्हणजे दोर ताणायच्या त्या धातूच्या रिळाला, मिठी मारून बसले होते. कप्तानबाई सुकाणूच्या चाकाला गुडघा टेकवून उन्हाचं मलम लावत होत्या.

त्यांनी मग समजावलं. बोटीच्या पोटाखाली उभा कणा असतो आणि त्यात ओतीव लोखंड नाहीतर शिसं भरलेलं असतं. आमची बोट तेरा-चौदा टनांची, त्यातले चारेक टन खाली पाण्यात. बोट जितकी कलते तितका तो कणा एका बाजूला उचलला जातो आणि तितक्या जोराने तिला परत सरळ ओढतो. इकडे शीड जितकं आडवं होतं तितका वारा त्याच्यावरून निसटून जातो. एकाची ताकद वाढते, दुसऱ्याची घटते, मध्ये कुठेतरी दोघांचं जमतं आणि बोट त्या कोनात निवांत राहते. बूड जड असलेली लहान मुलांची बाहुली असते ना, कितीही पाडली तरी उठून बसणारी, तसंच. हे कलणंच नको असेल तर दोन पोटांची बोट घ्यावी, कॅटामरान. तिला असा जड कणा नसतो, तिची रुंदीच तिला धरून ठेवते आणि ती फारशी कलत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी तीच घ्यायला लावली असती, आणि आज मला त्याचं वाईट वाटलं असतं.

समजल्यावर भीती गेली का? नाही. समजणं डोक्यात असतं, कलणं पोटात. दुसऱ्या दिवशी कप्तानबाईंनी ‘धर’ म्हणून चाक माझ्या हातात दिलं. वाऱ्याचा झोत आला की बोट कलते, आणि कलली की आपणहून वाऱ्याकडे तोंड वळवायला बघते, ती ओढ चाकातून तळहाताला कळते. आपण थोडं वळू द्यायचं, थोडं आवरायचं. दहा मिनिटांत पोट गप्प झालं. तेव्हापासून मी चाकाच्या आसपास घुटमळत राहिले.

वादळाचं सांगायचं तर ते आलं, पण नवऱ्याला भेटलं नाही. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने 1805 साली वाऱ्याचं एक कोष्टक केलं, शून्यापासून बारापर्यंत. जहाजांवर वारा मोजायला यंत्र नसायचं, म्हणून त्या वाऱ्यात जहाजाला किती शिडं पेलतात यावरून त्याने वारा ओळखला. समुद्र कसा दिसतो याची वर्णनं त्याला पुढे जोडली गेली. चारला लाटांवर बऱ्यापैकी पांढरे शेंडे दिसतात, पाचला जिकडेतिकडे. आमच्या कप्तानबाईंचा हिशेब असा : पाचपर्यंत मजा, सहाला शीड आखडून जमलं तर जायचं, आणि अंदाजात सात दिसला, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटरच्या वरचा वारा, की हलायचंच नाही. चौथ्या दिवसाच्या अंदाजात सात दिसला. आम्ही आदल्या संध्याकाळीच एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून बसलो. डोंगरावरून वारा ओरडत होता, खाडीतलं पाणी नुसतं शहारत होतं, आणि ज्याने ‘वादळ’ लिहिलं होतं तो दिवसभर दर तासाला विचारत होता, “आता निघायला काय हरकत आहे?” पाहुण्यांना घेऊन कुणी वादळात जात नाही आणि ठरलेला मार्ग हवा बघून रोज बदलतो, एवढी साधी गोष्ट कळली असती तर त्याचा चौकोनही कोरा राहिला असता. शेवटी त्याने मावशीबरोबर पत्ते मांडले आणि सपाटून हरला.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर कप्तानबाईंनी पहिल्या संध्याकाळीच दिलं होतं, चाळीस मिनिटं खर्चून. आग विझवायची नळकांडी, गॅसचा कॉक, फुगणारा तराफा. रेडिओ सोळा नंबरच्या चॅनेलवर कसा बोलायचा ते मुलीलासुद्धा करून दाखवायला लावलं. एक लहानसा पिवळा डबा होता, तो चालू केला की 406 मेगाहर्ट्‌झवरून उपग्रहांना आपला ठावठिकाणा जातो. दादाने सगळ्याला हात लावून पाहिलं. शार्कबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वहिनीच्या पायाची करंगळी दुसऱ्या दिवशी काळीनिळी झाली ती डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर आपटून.

खरं भ्यायला हवं होतं ती वस्तू तर सहाजणांपैकी कुणाच्याच मनात नव्हती. शिडाच्या खालच्या काठाला आडवा जाड दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. वारा मागून येत असताना तो शिडाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की हा दांडा अख्ख्या डेकवरून डोक्याच्या उंचीने फिरतो, आणि अचानक फिरला तर कवटी फोडू शकतो. म्हणून हाक आली की मान खाली, का आणि कशाला ते नंतर विचारायचं. पाण्याकडे बघून घाबरणारा माणूस डोक्यावर काय आहे ते बघत नाही.

मावशीला पोहता येत नाही. पाण्यात पडलं की पोहता येतं, असं आपल्याकडे खुशाल म्हणतात. म्हणणारे काठावर उभे असतात. फॉर्मवर तिने ‘नाही’ एवढंच लिहिलं होतं, आणि तिला एक जाकीट मिळालं, पाणी लागताच आपोआप फुगणारं. ते तिने सातही दिवस डेकवर अंगातून काढलं नाही. मी तिला जोशुआ स्लोकमची गोष्ट सांगितली. हा माणूस 1895 ते 1898 या काळात अकरा मीटरच्या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आला, आणि त्याला पोहता येत नव्हतं. मावशी खूश झाली. 1909 साली तो असाच निघाला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही, हा भाग मी गाळला.

पण तिला खरा धीर दिला तो कप्तानबाईंनी. माणूस पाण्यात पडला तर काय करायचं याची तालीम होती. सहा नॉट, म्हणजे सायकलच्या बेताच्या वेगाने बोट चालली असली तरी मिनिटाला 185 मीटर लांब जाते. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढंसं, एकदा नजर हटली की सापडत नाही. म्हणून पहिलं काम ओरडायचं, दुसरं तरंगणारं कडं फेकायचं, आणि तिसरं काम एकाच माणसाचं : पडलेल्याकडे बोट दाखवत उभं राहायचं. बाकी काही करायचं नाही. दोराला हात लावायचा नाही, मागे वळायचं नाही, कुणी बोलावलं तरी बघायचं नाही. बोट फिरेल, आपण फिरायचं, पण हात तिथेच. हे काम मावशीला मिळालं. खलाशाने एक हवेचा फुगीर गोळा समुद्रात फेकला. शिडं फडफडली, दोर सुटले, दादा चुकीचा दोर ओढून शिव्या खाऊन बसला, आणि या सगळ्या गोंधळात मावशी एका हाताने कठडा धरून, दुसरा हात ताणून, डोळ्याची पापणी न लववता उभी. गोळा वर काढेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही. त्यानंतर कुणाची टोपी उडाली तरी तिचा हात वर जायचा.

आता जरा अडचणीच्या गोष्टी.

गाडी लागते तशी बोट लागते. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो, त्यात दोष माणसाचा नाहीच. बोटच येऊन लागते. तरी माणसं ते कबूल करत नाहीत. दादाने तर जन्मात कधी काही लागलं नाही असं जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जांभया द्यायला लागला. मग बोलेनासा झाला. कप्तानबाईंनी त्याच्याकडे एकदा बघून खलाशाला बादली आणायला सांगितली. दादा म्हणाला, मी ठीक आहे, जरा आत जाऊन पडतो. तीच चूक. आत भिंती, टेबल, दिवा सगळं डोळ्यांना स्थिर दिसतं आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगत राहतो की आपण हिंदकळतोय. दोघांपैकी खरं कोण हे मेंदूला ठरवता येत नाही आणि निकाल पोटावर येतो. कानातला तो अवयव पूर्ण निकामी असलेल्या माणसांना बोट लागतच नाही. आपल्याला लागते म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, असं मी दादाला नंतर म्हणाले. तेव्हा ते त्याला आवडलं नाही.

उपाय डेकवर असतो. जिथे हेलकावा कमी, तिथे मध्यावर किंवा मागच्या भागात बसायचं, क्षितिजाच्या रेषेवर नजर ठेवायची, फोन आणि पुस्तक बंद, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि भरायचंही नाही. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर तरी, आणि डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतेच कुठे? कानामागे लावायची औषधी पट्टीही मिळते, पण मावशीला काचबिंदू असल्यामुळे तिच्या डॉक्टरांनी त्या पट्टीला साफ नाही म्हटलं. तिला गरजही पडली नाही. वय वाढतं तसा हा त्रास साधारणपणे कमी होतो, ही म्हातारपणाची एक न सांगितलेली सवलत. आणि ओकायचंच असेल तर वारा जिकडे जातो त्या बाजूला जायचं. हे वाचताना विनोदी वाटतं. दादाने उलट्या बाजूला धाव घेतली होती.

त्या संध्याकाळी तो इतका ओशाळला होता की जेवायला येईना. तेव्हा खलाशाने त्याला नेल्सनचं सांगितलं. तीस वर्षांहून अधिक काळ समुद्रावर काढलेला हा ब्रिटिश आरमाराचा सेनापती 1804 साली, ट्रफाल्गरच्या लढाईच्या आदल्या वर्षी, पत्रातून कुरकुरत होता की वारा जोरात सुटला की मी आजारी पडतो. डार्विनला 1831 ते 1836 या ‘बीगल’ जहाजावरच्या अख्ख्या सफरीत बोट लागत राहिली. एवढ्या मोठ्या माणसांची नावं घेऊन झाल्यावर दादा चार घास जेवला. साधारण दोन-तीन दिवसांत मेंदू जुळवून घेतो. पाचव्या दिवशी तो कललेल्या बोटीत आत उभा राहून दाढी करत होता.

संडासाला कडी होती. मावशीचा पहिला प्रश्न मिटला. पण कडीच्या आतलं जग वेगळं होतं. बोटीवरच्या संडासाला हाताचा पंप असतो. एक कळ एका बाजूला केली की समुद्राचं पाणी आत येतं, दुसऱ्या बाजूला केली की भांडं रिकामं होतं, आणि दर वेळी पंधरा-वीस वेळा दांडा वर-खाली. त्यातून पुढे जाणारी नळी जेमतेम अडतीस मिलिमीटर व्यासाची. म्हणून जे आधी पोटातून गेलेलं नाही ते त्यात टाकायचं नाही. कागदसुद्धा नाही, त्याला झाकणाचा डबा वेगळा. हे सगळं कप्तानबाईंनी भर डेकवर सगळ्यांसमोर, हवामान सांगावं तितक्या सरळपणे सांगितलं. वहिनी समुद्राकडे बघत होती. मी पायाच्या नखांकडे. मावशीने तीन शंका विचारल्या आणि एकदा स्वतः पंप मारून दाखवला.

आवाजाचं कुणी सांगत नाही. पंपाचा आवाज बोटभर ऐकू जातो. पहिल्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांना चुकवून, कुणी डेकवर गेल्याची खात्री करून जात होतो. वहिनीने तर जवळजवळ दीड दिवस पाणीच कमी प्यायलं, उन्हात, आणि डोकं धरून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून पंपाचा आवाज आला तेव्हा मुलगी मोजत होती. अठरा झाल्यावर तिने टाळी वाजवली. आतून मावशी ओरडली, “अजून दोन आहेत!” त्यानंतर बोटीवर कुणालाच कशाचीच लाज राहिली नाही.

अंघोळीचंही तसंच. टाकीत सहाशे लिटर पाणी आणि आठ माणसं. अंग ओलं करायचं, तोटी बंद, साबण लावायचा, तोटी सुरू, झटपट, बंद. 

रात्री मात्र वेगळी गोष्ट. नांगर टाकलेल्या बोटीवर पहिली रात्र झोप लागत नाही हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, आणि कारण भीती नसते, आवाज असतात. डोलकाठीवर दोर टकटक करतो. मागच्या बाजूला पाणी चापट्या मारतं. तळावर साखळी घासली की तो आवाज लोखंडातून थेट उशीत येतो. मध्यरात्री मुलगी दारात उभी राहिली, “आत्या, बोट तडकतेय.” कान लावला तर खरंच, तव्यावर काहीतरी तडतडावं तसा आवाज, सगळीकडून. मी उठले आणि धडधडत्या छातीने वर गेले. कप्तानबाई अंधारात टॉर्च घेऊन पुढच्या टोकाशी साखळी बघत उभ्या होत्या. रात्रीचे दोन. त्या म्हणाल्या, कोळंबीच्या जातीचा एक प्राणी आहे, तो नांगी इतक्या जोरात मिटतो की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, आणि असे हजारो प्राणी खाली आहेत. उबदार समुद्रात हा आवाज असतोच. बोटीची भिंत पातळ, म्हणून आत जास्त ऐकू येतो.

“तुम्ही जाग्या कशा?” मी विचारलं.

वारा फिरला होता, म्हणून. नांगराचं मला वाटत होतं की आकडा कशाततरी अडकवला की झालं. तसं नसतं. सहा मीटर पाणी असेल तर पस्तीस मीटर साखळी सोडतात. ती तळावर पसरून पडते, तिच्या वजनामुळे नांगरावरची ओढ वर न येता आडवी राहते, आणि आडवं ओढलं की नांगर रुततो. वारा फिरला की बोट त्याच्याभोवती फिरते, ओढीची दिशा बदलते. नांगर घसरला तर जीपीएसचा गजर वाजतो, तरी त्या एकदा डोळ्यांनी बघतात. संध्याकाळी तर पाण्यात बुडी मारून नांगर रुतलाय का ते बघून आल्या होत्या. मी खाली येऊन झोपले. सकाळी सात वाजता त्याच बाई हसतमुखाने ‘झोप लागली का’ विचारत होत्या.

आणि इथे माझं खरं दुखणं सुरू झालं. मी फॉर्ममध्ये न लिहिलेलं. ही दोन माणसं पहाटेपासून रात्रीपर्यंत आमच्यासाठी राबताहेत आणि आपण गादीवर लोळतोय, हे मला बघवेना. हॉटेलातही माणसं राबतात, पण ती दाराआड असतात. इथे मी पुस्तक वाचत असताना खलाशी माझ्या पायापाशी डेक पुसत होता आणि ‘जरा पाय’ म्हणत होता. मी ताटं उचलायला गेले. त्याच्या स्वयंपाकाच्या जागेत दीड माणूस मावतो, त्यातला एक तो होता. मी वाटी चुकीच्या कप्प्यात ठेवली, बोट कलल्यावर ती घरंगळून फुटली. तिसऱ्यांदा मदतीला गेले तेव्हा कप्तानबाईंनी मला हाक मारून वर बोलावलं आणि दोराची वेटोळी कशी घालायची ते शिकवलं. घड्याळाच्या दिशेने, प्रत्येक वेढ्याला जरा पीळ देत. दिवसातून चार वेळा ती वेटोळी माझी. ती मी घालत असताना खलाशी निवांतपणे स्वयंपाक करत असे, आता कळतंय की वेटोळी हा त्याला माझ्यापासून वाचवायचा उपाय होता.

त्याहून अवघड म्हणजे ती माणसं आपल्याला पाहतात. केस विस्कटलेले, ओकताना, रुसलेले. दुसऱ्या रात्री माझं आणि नवऱ्याचं भांडण झालं, अगदी दबक्या आवाजात, दात-ओठ खात. सकाळी वर आले तर कॉफीचे दोन कप टेबलाच्या दोन टोकांना मांडलेले. खलाशाला आमची भाषा कळत नव्हती. तिसऱ्या सकाळी कप शेजारी शेजारी होते, आणि मी रागावू की हसू ते मला कळेना.

शेवटच्या दिवशी सामान भरताना मी मावशीच्या खोलीत गेले. दुपार होती, पण पडदे ओढलेले होते. तिच्या बिछान्यापासून दारापर्यंत, तिथून संडासाच्या उंबऱ्यापर्यंत आणि वर कडीभोवती, एक बोटभर रुंदीची पट्टी अंधारात हिरवट चमकत होती. मी म्हटलं, किती छान सोय आहे, आमच्या लक्षातच नाही आली. मुलगी म्हणाली, “तुमच्याकडे नाहीये आत्या. मी सगळ्या खोल्या पाहिल्या. फक्त आजीच्याच खोलीत आहे.” मी खाली बसून पट्टीला नख लावून पाहिलं. टोकं कात्रीने कापलेली, नवीन.

कप्तानबाईंना विचारलं तर त्यांनी खलाशाकडे बोट दाखवलं, आणि त्याने खांदे उडवले. फॉर्मवर लिहिलं होतं ना, म्हणाला.

उतरताना बक्षिशीचं पाकीट कप्तानबाईंच्या हातात दिलं, ते त्या दोघांत वाटून घेतात. मावशीने पाकिटाव्यतिरिक्त दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. बुटांची टोपली समोर आली तेव्हा पायांना बूट घट्ट झाले होते.

घरी पोचलो आणि जमीन हलायला लागली. हे होतं. मेंदू हेलकाव्याला सरावलेला असतो आणि त्याला थांबल्याचं कुणी कळवलेलं नसतं. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जातं. मी अंघोळीला भिंत धरून उभी राहिले आणि साबण लावायच्या आधी तोटी बंद केली. दुसऱ्या रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला.

“तुझं अजून हलतंय का गं?”

“थोडंसं. आडवं पडलं की जास्त.”

“माझं थांबलं,” ती म्हणाली. “दुपारीच थांबलं.” तक्रार करावी तसा आवाज होता तिचा.